हायब्रीडवाले आम्ही

धानोऱ्याला बदली झाली तेव्हा माझ्याजवळ सामान थोडंच होतं. दोन सुटकेसा, गॅसची शेगडी, पुस्तकांचं एक खोकं आणि ती गाडी. गाडीही सेकंडहँड. नागपूरच्या एका डॉक्टरांनी हौसेनं घेतलेली, पण त्यांचं तिच्याशी कधी जमलं नाही. "पेट्रोलची म्हणावी तर पेट्रोलची नाही, बॅटरीची म्हणावी तर बॅटरीचीही नाही," असं म्हणून त्यांनी चावी माझ्या हातात दिली आणि मोकळे झाले.

मला मात्र तेच आवडलं होतं. तिच्यात पेट्रोलचं इंजिन होतं आणि विजेची मोटरही होती. चार्जिंगला लावायची भानगड नाही. ब्रेकवर पाय ठेवला, उतार लागला की बॅटरी आपली आपण भरायची, आणि गाडी हळू चालवली की इंजिन गपकन बंद व्हायचं. मग टायरखालच्या गिट्टीचा आवाज तेवढा ऐकू यायचा. समोरच्या छोट्या पडद्यावर बॅटरीच्या काड्या दिसायच्या. इंजिनाकडून चाकांकडे, चाकांकडून बॅटरीकडे असे बाण फिरायचे. गाडी घेतल्यावरचे पहिले कित्येक दिवस मी रस्त्यापेक्षा त्या बाणांकडेच जास्त पाहत होते.

मी सरकारी दवाखान्यात औषधं देते. लग्न केलं नाही. माहेर म्हणाल तर गोंडपिपरीला भावाचं घर, थोडी कापसाची आणि धानाची शेती. धानोऱ्यात खोली भाड्यानं घेतली. दवाखान्यातले बहुतेक लोक गडचिरोलीहून येणं-जाणं करत. संध्याकाळची बस गेली की आमच्या गल्लीत शांतता व्हायची. तेव्हा मी गाडी काढायची आणि उगाच मुरूमगावच्या रस्त्यानं थोडं लांब जाऊन परत यायची. कुठे जाते असं विचारणारं कोणी नव्हतं.

त्या भागात अशी गाडी कोणी पाहिली नव्हती. एकदा मोहफुलांच्या दिवसांत सकाळी सकाळी गडचिरोलीला निघाले. रस्त्याच्या कडेला बाया टोपल्या घेऊन फुलं वेचत बसलेल्या. इंजिन बंद होतं, गाडी मोटरवर अलगद चाललेली. एक म्हातारी पाठमोरी होती. ती मागे सरकत सरकत रस्त्यावर आली, वळली, आणि बोनेटला हात टेकूनच थांबली. मी ब्रेक दाबला होता, पण ती अशी दचकली की टोपली हातातून सुटली.

"वो बाई, काऊन चोरावानी येऊन राह्यली वो? आवाज तं करत जा!"

मी उतरून तिच्यासोबत फुलं गोळा केली. ती गाडीच्या चारी बाजूंनी फिरून आली, वाकून खाली पाहिलं, आणि म्हणाली, "बंद हाय का सुरू हाय हे?" मी म्हटलं, सुरू आहे. तिला काही ते पटलं नाही. त्या दिवसापासून जंगलच्या रस्त्यावर मी काच खाली करून रेडिओ मोठ्यानं लावायला लागले.

पावसाळ्यात मागच्या सीटकडून घरघर ऐकू येऊ लागली. जवळपास कोणाला विचारावं तर मेकॅनिक हात लावायला तयार नव्हते. फोनवर शोधताना त्याच मॉडेलच्या मालकांचा एक ग्रुप सापडला. विदर्भातले मोजकेच लोक. मी भीत भीत लिहिलं की मागून पंख्यासारखा आवाज येतो. थोड्या वेळानं उत्तर आलं, सोबत फोटो. "मागच्या सीटच्या बाजूला जाळी आहे. बॅटरीला हवा तिथून जाते. जाळी काढा, ब्रशनं धूळ झाडा, परत बसवा. घाबरू नका." मी तसं केलं आणि घरघर थांबली.

उत्तर देणारे चंद्रपूरचे होते. वीज केंद्रातून निवृत्त झालेले इंजिनिअर. बायको निवृत्तीच्या आधीच गेलेली, मुलगा पुण्यात. ग्रुपवर सगळे त्यांना भाऊ म्हणायचे, मीही म्हणायला लागले.

थंडीच्या दिवसांत कधीतरी रविवारी ग्रुपची मंडळी मार्कंड्याला जमायची. नदीच्या काठी झाडाखाली आमच्या एकसारख्या गाड्या ओळीनं उभ्या राहायच्या, आणि देवदर्शनाला आलेले लोक आधी आमच्याकडे बघून मग देवळात जायचे. पहिल्यांदा गेले तेव्हा मला कुठे बसावं कळेना. सतरंजीवर सगळ्यांच्या बायका डबे सोडून बसल्या होत्या. पुरुष बोनेट उघडून उभे होते. मी मधेच पाण्याची बाटली हातात घेऊन उभी राहिले.

भाऊंनी पाहिलं. "मॅडम, तिकडं काऊन उभ्या राह्यल्या? इकडं या. तुमचा अ‍ॅव्हरेज आमच्याहून चांगला हाय. कसा काढता ते सांगा या लोकायले."

मी गेले आणि सांगितलं. खरं तर सांगण्यासारखं फार नव्हतं. मला घाई नसते, एवढंच. पुढचं वळण दिसलं की मी आधीच पाय काढून घेते, आणि चढावर गाडीला तिच्या चालीनं चढू देते. सगळे मन लावून ऐकत होते. माझं कोणी इतकं मन लावून ऐकल्याचं मला आठवत नव्हतं. परतताना गाडीत मी एकटीच होते, पण तो रस्ता कधी संपला कळलं नाही.

भाऊ आणि मी मग अधूनमधून फोनवर बोलायला लागलो. बोलणं गाडीचंच. चिमूरच्या रस्त्यावर इतका अ‍ॅव्हरेज मिळाला, आज घाट न लागताही बॅटरी पूर्ण भरली, कोणत्या टायरनं आवाज कमी होतो. त्यांनी मला कधी विचारलं नाही की तुम्ही एकट्या का, आणि मीही त्यांना विचारलं नाही की संध्याकाळी जेवता कुठे.

मग विजेच्या गाड्या आल्या. आधी ग्रुपमधल्या वरोऱ्याच्या एका कापूस व्यापाऱ्यानं घेतली. मार्कंड्याच्या पुढच्या भेटीला तो ती घेऊनच आला आणि आमच्या ओळीच्या टोकाला लावली. "तुमचं अर्धवट काम आहे राजेहो," तो हसत म्हणाला. "घ्यायची तं पूर्णच घ्या ना!" सगळ्यांनी आळीपाळीनं त्याच्या गाडीत चक्कर मारली. मीही मारली. गाडी झकास होती, खोटं कशाला बोलू. तिला इंजिनच नव्हतं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत आवाज नाही. जे आम्हाला थोडं थोडं, जपून जपून मिळायचं, ते तिथं फुकट पडलेलं होतं.

त्यानंतर आमचं मॉडेल कंपनीनं बंद केलं. ग्रुपवर ती बातमी आली तेव्हा दोन दिवस कोणी काही लिहिलं नाही. मग एकेक जण आपल्या गाडीचे फोटो टाकायला लागला, खाली 'विकणे आहे'. गाडी विकली गेली की फोटो टाकणारा ग्रुपमधून जायचा. पडद्यावर करड्या अक्षरांत एक ओळ यायची, अमक्यानं ग्रुप सोडला. त्या ओळींखाली कोणी काही लिहीत नसे. मार्कंड्याची भेट एका थंडीत ठरली आणि रद्द झाली. पुढच्या थंडीत ठरलीच नाही.

भाऊ बरेच दिवस टिकले. "मी जनम वीज केंद्रात घालवला," ते म्हणायचे. "वीज कशी तयार होते मले माहीत हाय. ते काही झाडाले लागत नाई." पण शेवटी मुलानं पुण्यात बसून त्यांच्यासाठी विजेची गाडी बुक केली. त्यांनी मला फोन करून सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज उगाचच मोठा होता. "बाई, दाखवाले येतो तुमाले."

आणि खरंच आले, एका सुट्टीच्या दिवशी, नवी निळी गाडी घेऊन. चंद्रपूरहून धानोऱ्यापर्यंत येताना त्यांनी एसी जोरात लावला होता, आणि परत जाण्याइतकी वीज काही उरली नव्हती. चार्जिंगची सोय आमच्याकडे कुठली? मग स्वयंपाकघरातल्या गिझरच्या सॉकेटमधून वायर काढली, खिडकीतून अंगणात सोडली आणि गाडीला लावली. गाडी इतकी सावकाश भरत होती की भाऊंनी हिशेब केला आणि ओशाळले. "दिवसभर बसा लागते इथी."

"बसा ना," मी म्हटलं.

मी पोहे केले. चहा केला. दुपारी भाजी-भाकरी केली. त्या खोलीत माझ्या हातचं दुसऱ्या कोणी जेवण्याची ती पहिलीच वेळ. त्यांनी नव्या गाडीबद्दल सगळं सांगितलं, मी सगळं विचारलं. मग ते संपलं. एरवी ते मला अ‍ॅव्हरेज विचारायचे, मी त्यांना विचारायची. आता त्यांच्या गाडीला तसला अ‍ॅव्हरेजच नव्हता. माझ्या गाडीचं काही सांगावं तर ते मान हलवायचे, पण एखाद्या सोडून आलेल्या गावाबद्दल ऐकावं तसे. मधेच लाईट गेली. पंखा थांबला. आम्ही दोघं अंगणात खुर्च्या टाकून बसलो आणि त्या निळ्या गाडीकडे पाहत राहिलो. मला खूप काही बोलावंसं वाटत होतं. त्यांनाही वाटत असावं. त्यांनी एकदा घसा खाकरला आणि विचारलं, "इथी पाणी कसं आहे?" मी म्हटलं, चांगलं आहे.

लाईट आली. संध्याकाळी गडचिरोलीपर्यंत जाण्यापुरती गाडी भरली, तिथे पुढची सोय होती. ते निघाले. पोचल्याचा निरोप आला. मी वायर गुंडाळून ठेवली. त्यानंतर आमचे फोन विरळ झाले. भांडण नाही, रुसवा नाही. बोलायला विषय नव्हता, एवढंच.

त्याच वर्षी धान कापणीच्या दिवसांत हत्ती आले. आमच्या भागात ते आता येतात. धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे बांध घातलेल्या शेतांमध्ये, शिरतात आणि कापून रचलेले पुंजणे विस्कटून खातात. लोक फटाके फोडतात, टायर जाळतात. मी ऐकून होते, पाहिले नव्हते.

त्या दिवशी मुरूमगावकडे औषधं पोचवून परत येत होते. ऊन उतरलं होतं, पण उजेड होता. नेमका रेडिओ त्या पट्ट्यात लागत नाही म्हणून तो बंद. वळण संपलं आणि समोर रस्त्यावर हत्तीण उभी. तिच्या मागून बाकीचे बांधीतून चढून रस्ता ओलांडत होते. मी थांबले. इंजिन आधीच बंद होतं. ती माझ्याकडे तोंड करून उभी राहिली. कान हलले. पण तिला बहुतेक कळेना की हे काय आहे. आवाज नाही, धूर नाही.

मी पडद्याकडे पाहिलं. बॅटरीच्या दोन काड्या उरल्या होत्या. एक जरी कमी झाली असती तर इंजिन आपलं आपण सुरू झालं असतं. ते माझ्या हातात नव्हतं. ही गाडी तशीच असते, तिला वाटलं की ती इंजिन सुरू करते, आणि सुरू होताना एक धक्का देते. मी एसी बंद केला. दिवे बंद केले. तरी भीती जाईना. मग मी बटण दाबून सगळी गाडीच बंद केली. पडदा काळा झाला.

काच अर्धी उघडी होती. मला पानं मोडल्याचा आवाज आला, ओल्या मातीचा आणि शेणाचा वास आला. हत्तींच्या पोटातून एक घुमल्यासारखा आवाज निघतो, तो छातीत जाणवत होता. एक पिल्लू शेवटी राहिलं होतं. ते रस्त्याच्या मधोमध बसकण मारायला लागलं तेव्हा हत्तीण माझ्याकडची नजर काढून वळली, सोंडेनं त्याला ढकललं आणि दोघं झाडीत गेली. झाडी हलली आणि मग हलायची थांबली.

मी काच वर केली. मग बटण दाबलं. गाडी मुकाट्यानं तयार झाली, मुकाट्यानं निघाली. गावाच्या अलीकडे एका चढावर इंजिन धाडकन सुरू झालं आणि मी इतक्या जोरानं ओरडले की माझं मलाच हसू आलं. मग रडूही आलं.

घरी आले. हातपाय धुतले. हे कोणाला तरी सांगायला हवं होतं. भावाला फोन केला असता तर तो म्हणाला असता, त्या रस्त्यानं गेलीच काऊन. शेजारी दार लावून टीव्ही पाहत होते. मी ग्रुप उघडला. चार-दोन जण उरले होते. मी सगळं लिहून काढलं. कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी एकानं अंगठा दाखवला तेवढाच.

पण त्या संध्याकाळीच मी भाऊंना फोन लावला होता. त्यांनी पहिल्याच घंटेला उचलला. मी सांगत गेले. ते मधे एक अक्षर बोलले नाहीत. मी थांबले तेव्हा त्यांनी विचारलं, "काड्या किती होत्या?"

"दोन."

"बापा!" ते म्हणाले. "एसी बंद केला होता?"

"केला. दिवे पण."

"बरं केलं. पूर्ण गाडीच बंद करा लागत होती."

"तीच केली भाऊ."

"शाबास वो बाई," ते म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता.

काही वर्षं गेली आणि वारं फिरलं. विजेच्या गाड्या घेतलेल्यांपैकी काही जण जंगलच्या रस्त्यांवर अडकून कंटाळले. कोणी म्हणालं चार्जिंगची रांग, कोणी म्हणालं सिरोंच्याला जायचं तर जीव मुठीत. मग कंपन्यांनी नव्या, मोठ्या, उंच हायब्रीड गाड्या आणल्या आणि लोक त्यांच्यासाठी महिनोन्‌महिने थांबायला लागले. जे आम्हाला अर्धवट म्हणत होते तेच आता म्हणत होते, शहाणी गाडी हीच. आमचा मेलेला ग्रुप कोणीतरी जागा केला. माझ्या फोनवर दिवसभर टणटण सुरू झालं. एकही नाव ओळखीचं नव्हतं.

चंद्रपूरच्या एका हॉटेलात त्यांची भेट ठरली. मला आग्रहाचं बोलावणं आलं. मी माझी गाडी धुऊन, पुसून घेऊन गेले. त्या उंच गाड्यांच्या रांगेत ती खाली बसल्यासारखी दिसत होती. गडचिरोलीची एक तरुण दातांची डॉक्टर माझ्याशी फार गोड वागली. "मॅडम, तुम्ही तर आमच्या सगळ्यांच्या सीनियर!" तिनं माझ्या गाडीसोबत फोटो काढला. मग बाकीच्यांनीही काढले. बोलणं चाललं होतं ते छतावरच्या काचेचं, सीटच्या रंगाचं, कोणाला किती थांबावं लागलं त्याचं. बोनेट कोणीच उघडलं नाही. मी हत्तीची गोष्ट सुरू केली. दोघं-तिघं ऐकायला लागले, तेवढ्यात जेवण लागल्याचं कोणीतरी ओरडलं आणि सगळे उठले. वाईट नव्हते ते लोक. त्यांना गाडी आवडली होती, आणि आवडणारे पुष्कळ होते, त्यामुळे एकमेकांना धरून राहायची त्यांना गरज नव्हती. मी जेवले आणि उजेड असतानाच निघाले.

भाऊ तोवर पुण्याला मुलाकडे राहायला गेले होते. निळी गाडी मुलगा चालवायचा. गेल्या हिवाळ्यात ते पुतणीच्या लग्नाला चंद्रपूरला आले आणि मला फोन केला. मी तेव्हा सुट्टीवर गोंडपिपरीला होते. "बाई, गाडी हाय ना अजून? एकदा चालवू द्या मले. मग बल्लारशाले सोडा, तिथून माझी रेल्वे हाय."

मी गेले. ते बारीक झाले होते. चावी दिली, मी बाजूला बसले. बल्लारपूर, म्हणजे त्यांचं ते बल्लारशा, मागे टाकून कोठारीच्या रस्त्याला लागलो. माझ्या गाडीची बॅटरी आता थकली आहे. काड्या भरतात आणि लगेच उतरतात, इंजिन सारखं चालू राहतं. त्यांच्या ते लगेच लक्षात आलं. सागवानाच्या पट्ट्यात थोडा उतार आहे. तिथं त्यांनी पाय अलगद काढला, इंजिन थांबलं आणि थोडा वेळ, अगदी थोडा वेळ, गाडी बिनआवाजाची चालली. त्यांनी काच खाली केली.

"पुण्यात मी मागं बसतो," ते म्हणाले. "पोरगा चालवते, सून पुढं. मी मागं."

कोठारीला चहा घेतला आणि परत फिरलो. स्टेशनबाहेर त्यांनी गाडी लावली, चावी माझ्या हातात दिली, पिशवी घेतली. मग म्हणाले, "ते हत्तीवाला फोन केला होता ना तुमी. आठवते?"

"आठवते ना."

"त्या दिवशी सकाळपासून मी कोणाशी बोललोच नव्हतो. दूधवाला पण आला नाई त्या दिवशी. तुमचा फोन आला तेव्हा माझा आवाज निघते का नाई, तेच मले समजत नव्हतं." ते हसले. "म्हणून गप्प होतो. तुमाले वाटलं असन, ऐकून राह्यला."

मी म्हटलं, "पोचल्यावर कळवा भाऊ."

"कळवतो," म्हणाले आणि पुलाच्या पायऱ्या चढून गेले. रेल्वे आली, गेली. मी गोंडपिपरीला परतले. वहिनी ताट वाढून वाट पाहत होती.

"कोणाले सोडाले गेल्ता, बाई?" तिनं विचारलं.

मी भात कालवत होते. काय सांगावं याचा विचार केला. नातेवाईक नव्हते, साहेब नव्हते, मित्र म्हणावं तर त्या वयात, त्या गावात, तो शब्द वहिनीला विचित्र वाटला असता.

"गाडीच्या ओळखीचे आहेत एक," मी म्हटलं.

"असं होय," ती म्हणाली आणि वरण वाढायला वाकली.